वजा ब्लँक

गुरुवार. पाषाणला पाणी बंद.
डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घुलेमामांनी
काल संध्याकाळीच भरून ठेवलाय.
झाकणावर चिकटपट्टी, पट्टीवर त्यांचं ठसठशीत अक्षर:
ताईंचं आहे. हात लावू नये.

एन्झाइम बर्फात.
झोपलंय, असं मी नव्या आलेल्या आफरीनला सांगते.
खरं तर ते झोपत नाही,
फक्त फार सावकाश काम करतं,
आणि आपण तेवढं थांबत नाही.

प्लेटमध्ये शहाण्णव वाट्या, भातुकलीहून लहान.
आठ टोकांचा पिपेट एकदम दाबायचा,
एकदम सोडायचा, बुडबुडा येऊ द्यायचा नाही.
अकरा वर्षं झाली.
अंगठ्याच्या मुळातली कळ आता
सिमला ऑफिसच्या आधी पाऊस सांगते.

इथला रंग उलटा वाचायचा.
साखरेसारखं दिसणारं काहीतरी आम्ही एन्झाइमपुढे टाकतो,
ते तुटलं की वाटी पिवळी होते,
आधी लिंबाच्या सालीसारखी, मग थेट हळद.
पिवळं म्हणजे एन्झाइम कामावर, औषध नापास.
ज्या वाटीत काहीच होत नाही
तिथे आमचं काहीतरी झालं.

खरी फक्त पहिली पाच मिनिटं.
तोवर रेष सरळ चढते, तिचा चढ म्हणजे वेग.
पुढे खाणं कमी पडत जातं, रेष वाकते,
आणि वाकलेल्या रेषेवरून
कुणाचंही मूळचं बळ सांगता येत नाही.

बारावी रांग ब्लँकची.
तिच्यात सगळं आहे, फक्त एन्झाइम नाही.
तरी ती किंचित पिवळी होतेच.
“हे कुणी तोडलं?” आफरीन विचारते.
कुणीच नाही. काही गोष्टी नुसत्या ठेवल्या तरी तुटतात.
तेवढं प्रत्येक आकड्यातून वजा करायचं,
मगच बोलायचं.

चारशेसतरा नंबर बोरावकेचा.
आठ महिने दुसऱ्या मजल्यावर उकळत, गाळत,
स्फटिक रुसले म्हणून रात्री दहाला परत येत
त्याने तो बनवला.
मंगळवारी आलेख असा देखणा उतरला
की त्याने पेढे आणले,
आणि साखर तुटू नये म्हणून पगार घेणारी आम्ही माणसं
अर्धा किलो संपवून बसलो.

मला रात्रभर तो उतार आठवत राहिला.
जरा जास्तच धीट होता.
घाटातला रस्ता असा उतरत नाही,
कडा उतरतो.

म्हणून आज तोच प्रयोग, तेच प्रमाण,
फक्त बफरमध्ये डिटर्जंट,
एका टक्क्याचा शंभरावा हिस्सा.
सदतीस अंश. चारशे पाचवर वाचन.
दुसऱ्याच मिनिटाला पहिली रांग उजळली,
मग दुसरी, मग तिसरी,
शेवटी सगळी प्लेट बारावीपर्यंत येऊन थांबली.
चारशेसतरा कुणाला अडवतच नव्हता.
पाण्यात त्याचे स्वतःचेच गोळे होत होते
आणि एन्झाइम बिचारं त्यांना चिकटून बसत होतं.
साबण लागला, गोळे फुटले,
ते सुटून कामाला लागलं.

तीनदा केलं. तिन्ही वेळा हळद.

बोरावके जिन्यातच भेटला.
कागद खालून वर वाचला त्याने,
आधी तारीख, मग सही, मग आकडे.
“ब्लँक वजा केलास?”
केला.
“बफर ताजा होता?”
सकाळचा.
मग तो खिडकीतून बाणेरच्या टेकडीकडे बघत
चष्मा पुसत राहिला,
पुसून झाल्यावरही.

खाली घुलेमामा प्लेटी मोजत होते.
“झालं का ताई काही?”
झालं, मामा. सगळ्या वाट्यांत झालं.
“मग बरंच की.”
मी मान हलवली. आफरीन माझ्याकडे बघू लागली.
कॅनमध्ये दोनेक लिटर पाणी उरलं होतं.
चिकटपट्टी पुन्हा दाबून लावली,
नीट चिकटेना,
अंगठ्याने घासत बसले.